तात्या, तो गुरुवार राहून गेला

तात्या,

तेराव्याची भांडी मंगळवारी संध्याकाळी मंडपवाल्याकडे परत गेली. तुमचा पुतण्या बुधवारी सकाळी पुण्याला गेला. आज शनिवार. दुपारचं जेवण उरकून मी तुमच्या पडवीत बसलोय आणि तुम्हाला लिहितोय. इतके दिवस माणसं येत होती, चहा पीत होती, डोळे पुसत होती, आणि प्रत्येकाला मी तेच सांगत होतो. सकाळी दहाला गेले, त्रास झाला नाही, तोंडात पाणी मी घातलं. इतक्या वेळा सांगितलं की आता ते खरं घडलं होतं की मी पाठ केलंय, तेच कळेनासं झालंय. गुरुवारीच गेलात म्हणून लोक हात जोडतात. त्यांना त्यात काहीतरी दिसतं. मला गुरुवार म्हटलं की दुसरंच आठवतं.

आपल्या गुरुवारच्या बैठकीचं सगळं बघणाऱ्या भाऊसाहेबांनी मला चार पानं लिहायला सांगितली आहेत. तुमच्या आठवणींचं पुस्तक काढायचंय त्यांना. म्हणाले, "म्हादू, तू सगळ्यांत जुना. तू लिहिलंच पाहिजे. फक्त चांगलं तेवढं लिही." तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. चांगलं लिहायला लागलो की हात अडखळतो, आणि जे वाईट आहे ते लिहायला घेतलं की रडू येतं. म्हणून त्यांच्यासाठी नाही, तुम्हालाच लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका असतील. त्या काढायला आता कोणी नाही.

चांगलं तर इतकं आहे. मी बत्तीस वर्षांचा होतो. श्रीवर्धनातल्या वाड्यांमधली सुपारीची पोती माणगावपर्यंत नेत होतो, स्वतःचा टेम्पो होता. तुमची पोतीही मीच न्यायचो, पण तुमची-माझी ओळख तेवढीच. तुम्ही शाळेतून रिटायर झालेले मास्तर, गुरुवारी पडवीत पोथी वाचून अर्थ सांगणारे, आणि मी पोती उचलून मान हलवून निघणारा. मग म्हसळ्याच्या घाटात ते झालं. वळणावर मोटरसायकल घसरली आणि माझ्या चाकाखाली आली. पोलिसांनी लिहून घेतलं, माझी चूक नव्हती असंही ठरलं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. टेम्पोजवळ गेलो की हात थरथरायचे. चार महिने घरी बसलो. बायको शेजाऱ्यांच्या वाडीत सुपारी सोलायला जाऊ लागली, आणि तिचे काळे पडलेले हात बघत मी ओटीवर बसून राहायचो.

एक दिवस तुम्ही आलात. हातात पिशवी, पिशवीत लिंबं. उपदेश करायला आलात असं वाटून मी आत जायला उठलो, तर तुम्ही म्हणालात, "माझी पोती माणगावला जायची आहेत. चल."

"तात्या, मला जमत नाही."

"मी शेजारी बसतो. चल."

तुम्हाला गाडी लागायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. एसटीने म्हसळ्याला जायचं तरी तुम्ही आदल्या दिवसापासून जेवत नव्हता. तरी त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी चढून बसलात. घाट लागला तशी तुम्ही लिंबू हुंगायला सुरुवात केलीत. तिसऱ्या वळणाला ओकलात. पिशवी बाहेर धरून, तोंड पुसून म्हणालात, "गिअर टाक."  परत येतानाही ओकलात. असे तुम्ही अकरा दिवस आलात, तात्या. अकरा दिवस ओकलात. चौथ्या दिवसापासून माझे हात थरथरायचे थांबले होते. ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही यायचं बंद कराल अशी भीती होती.

अकराव्या दिवशी तुम्ही त्या वळणावर गाडी थांबवायला लावलीत आणि विचारलंत, "त्याचं नाव काय होतं?" चार महिन्यांत मी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. इक्बाल, मी म्हटलं. मग तुम्ही मला त्याच्या घरी घेऊन गेलात. त्याची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "तो काय बोल्ला काय रे शेवटी?"

"पाणी मागितलं," मी म्हटलं. "मी दिलं."

तिने मान हलवली आणि परत तांदूळ निवडायला घेतले. त्या दिवशी परतीच्या रस्त्यात मी टेम्पो बाजूला घेऊन तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. तुमच्या धोतराला ओकारीचा वास येत होता. तेव्हापासून कोणी विचारलं की गुरू कोण, तर मी तुमचं नाव सांगतो. आजही तेच सांगेन.

तुमच्या बारीकसारीक गोष्टी आम्हाला माहीत होत्या आणि आम्ही त्या हसण्यावारी न्यायचो. चहा सोडला असं जाहीर करून तुम्ही कोळीवाड्यात जानकीमावशीकडे कपबशी राखून ठेवली होतीत. वादात हरायला लागलात की तुम्हाला देवपूजा आठवायची. भातात खडा निघाला म्हणून तुम्ही एकदा ताट सरकवून दिलंत, आणि दुसऱ्याच दिवशी क्रोधावर दीड तास बोललात. आम्ही खाली मान घालून हसलो. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाला एवढं चालायचंच.

पण वनिताचं तसं नव्हतं.

वनिता माझी धाकटी बहीण. नवऱ्याने दुसरं घर मांडलं तशी ती माझ्याकडे परत आली, अंगणवाडीत लागली. कमी बोलायची. मीच तिला गुरुवारी तुमच्याकडे घेऊन आलो. चार-पाच वर्षं ती पडवीच्या टोकाला, खांबाशी बसून नुसती ऐकायची. मग तुमच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं लागोपाठ झाली आणि डॉक्टरांनी दोन महिने वाचायचं नाही म्हणून बजावलं. तुम्हीच म्हणालात, "वनिताचं वाचन स्वच्छ आहे. ती वाचेल."

पहिल्या गुरुवारी तिने नुसतं वाचलं. दुसऱ्या गुरुवारी जानकीमावशीने विचारलं, "पोरी, याचा अर्थ काय गो?" आणि वनिताने सांगितला. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाताना एकमेकांच्या ताटात कशी बघतात, त्यावरून तिने लोभाचा अर्थ सांगितला. बायका हसल्या आणि मग गप्प झाल्या. पुढच्या गुरुवारी कोळीवाड्यातून आणखी सहा-सात जणी आल्या. महिनाभरात पडवी पुरेना. माणसं अंगणात माडाखाली बसू लागली. तुम्ही आत काळा चष्मा लावून पडलेले असायचात. मी मधून मधून पाणी द्यायला यायचो, तर तुम्ही जागे असायचात. मला वाटायचं, तात्यांना किती समाधान वाटत असेल. तुमचंच तर रोप होतं ते.

डोळे बरे झाले, तुम्ही परत आसनावर बसलात. पहिल्याच गुरुवारी कोणीतरी मागून विचारलं, "आज ताई न्हाय सांगणार?" तुम्ही हसलात. मी शेजारी होतो, मला ते हसू दिसलं. ते तुमचं हसू नव्हतं.

मग हळूहळू सुरू झालं. वनिताने आणलेली फुलं तुम्ही बाजूला ठेवू लागलात. तिने काही विचारलं की उत्तर दुसऱ्याकडे बघून द्यायचात. आणि एका गुरुवारी, साठ-सत्तर माणसं बसलेली असताना, तिने एका ओवीबद्दल विचारलं, "तात्या, याचा दुसराही अर्थ होतो ना?" तुम्ही पोथी मिटलीत. शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "जिला स्वतःचा नवरा घरात ठेवता आला नाही, तिने लोकांना अर्थ सांगू नये."

पडवीत कोणी हललं नाही. वनिताने तुमच्याकडे बघितलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी, तात्या, जमिनीकडे बघितलं. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर एक मुंगळा चालला होता, तो मी बघत राहिलो. ती उठली, पदर सावरला, वाट काढत गेली. तुम्ही पोथी उघडून पुढची ओवी घेतलीत.

त्या महिन्यात तिने बोर्लीकडच्या अंगणवाडीत बदली मागून घेतली. तिथेच खोली घेतली. नऊ वर्षं झाली. गणपतीला दीड दिवस यायची, भांडी घासायची, जायची. तिने कधी काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

तुमच्याशी मात्र मी एकदा बोललो होतो. आठवतं का? माणगावहून परत येत होतो, तुम्ही डॉक्टरांना दाखवून आला होता. मी म्हटलं, "तात्या, वनिताला तसं बोलायला नको होतं." तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "गुरूला कधी कधी कठोर व्हावं लागतं. अहंकार वाढत होता तिचा. मी तो मोडला." मला किती हलकं वाटलं सांगू. कारण मिळालं होतं. मी ते जसंच्या तसं घेऊन वनिताकडे गेलो. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "दादा, माझ्या भल्यासाठी असतं तर आत बोलावून सांगितलं असतं. लोकांसमोर कशाला?"

 तुम्हाला परत विचारायचं धाडस झालं नाही. मी तुमची सेवा करत राहिलो आणि ती गोष्ट तशीच राहिली. लोक म्हणायचे, म्हादूची निष्ठा बघा. मला ते ऐकायला आवडायचं, हेही सांगून टाकतो.

मग हे शेवटचे चार महिने. तुम्हाला उठवून बसवायचं, अंग पुसायचं, पेज भरवायची. तुमचं शरीर लहान झालं होतं, मला उचलायला जड जात नव्हतं. जायच्या दोन आठवडे आधीची दुपार. मी तुमच्या पायांना तेल लावत होतो. तुम्ही मध्येच म्हणालात, "मी सगळं ऐकायचो, म्हाद्या."

"काय ऐकायचात?"

"ती सांगायची ते. आत पडून. दोन महिने ऐकलं." मग छताकडे बघत म्हणालात, "तिचं चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं."

माझे हात थांबले. मी म्हटलं, "मग तात्या, तिला बोलावतो. उद्या टेम्पो घेऊन जातो, घेऊन येतो."

"नको."

"तुम्ही फक्त एवढंच सांगा तिला. आत्ता मला सांगितलंत तेवढंच."

"नाही जमणार मला." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. "तू सांग."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला नाही म्हटलं. "मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही सांगा."  मी तेलाची वाटी उचलून बाहेर आलो. मला राग आला होता. बरंही वाटत होतं, आणि तुमची दयाही येत होती. मला वाटलं, चार दिवसांनी परत विषय काढू. पण पुढे तुम्हाला धड शुद्ध राहिली नाही. दोनदा तुमचे ओठ हलले, मी कान नेला, तर पाणी हवं होतं.

आता रोज वाटतं, तेव्हा हो म्हणालो असतो तर? निदान तुम्ही जिवंत असताना तिच्यापर्यंत ते पोचलं असतं. तुम्ही अकरा दिवस माझ्या शेजारी ओकत बसलात, आणि मी तुमचा एक निरोप न्यायला तयार झालो नाही. मग वाटतं, निरोप नेला असता तर तुम्ही सुटला असतात. आणि तुम्ही सुटावं असं मला वाटत नव्हतं का? खरं सांगतो, कळत नाही.

वनिता आली होती, तात्या. तुम्हाला नेलं त्या दिवशी. कुंपणाशी उभी होती, अंगणवाडीची साडी तशीच, कामावरून आलेली. बायकांनी वाट करून दिली तरी ती पुढे आली नाही. लांबूनच हात जोडले आणि एसटी पकडून गेली.

बुधवारी पुतण्याला स्टँडवर सोडलं आणि मी तसाच बोर्लीकडे गेलो. पोरं घरी गेली होती, वनिता पातेलं घासत होती. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात ते, भिंतीकडे तोंड केलंत ते, मी नाही म्हटलं तेही. ती पातेलं घासत राहिली. पालथं घालून हात पुसले आणि पायरीवर येऊन बसली.

"चांगलं होतं म्हणाले?"

"माझ्यापेक्षा चांगलं, म्हणाले."

तिने पालथ्या पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "शिकवलं त्यांनीच. ते मी नाही म्हणणार नाही. म्हणून तर आले होते." आणि मग, आवाज न चढवता, "त्यांचं राहू दे दादा. ते गेले. तू का गप्प बसलास?"

हा प्रश्न नऊ वर्षं येणार होता आणि नऊ वर्षं मी तुमच्या आड लपून बसलो होतो. मी म्हटलं, "भ्यालो."

"कशाला?"

"त्यांनी मलाही दूर केलं असतं तर मी कुठे गेलो असतो? मला गाडी पण चालवता येत नव्हती गं, तेव्हा त्यांनी..."  मी तिच्या पायांना हात लावला. मोठा भाऊ मी. तिने पाय मागे घेतले नाहीत, मला उठवलंही नाही. फक्त म्हणाली, "गुरुवारी सगळ्यांसमोर झालं होतं ते."

एवढंच. पण मला कळलं.

परवाच्या गुरुवारी तुमच्या पश्चात पहिल्यांदा पडवी भरली. भाऊसाहेबांनी मला वाचायला बसवलं. आसनावर नाही, खाली. मी पोथी उघडली आणि वाचलं नाही. म्हटलं, "आधी एक सांगायचंय." आणि सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी इथे तात्या माझ्या बहिणीला काय बोलले, ते चूक होतं. त्यांना तिचा मत्सर वाटला होता, जायच्या आधी ते मला म्हणाले की तिचं चांगलं होतं. आणि मी भाऊ असून तोंड उघडलं नाही, ते त्याहून चूक.  भाऊसाहेब उठून उभे राहिले. "म्हादू, माणूस जाऊन पंधरा दिवस झाले. लाज वाटते का?"

"वाटते," मी म्हटलं. "नऊ वर्षं वाटते."

ते चपला घालून निघून गेले. त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण गेले. बाकीचे बसले होते. मला वाटलं, आता सगळेच उठतील. तेव्हा जानकीमावशी खांबाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "आमाला ठावं व्हतं रे समदं. आमी काय आंधळ्या हाव? पन आमीबी बसूनच र्‍हायलो ना त्या दिवशी." मग नाक पुसून म्हणाली, "वाच आता."

मी वाचलं. तुमच्यासारखं नाही, तिच्यासारखं तर नाहीच. पण वाचलं.

संध्याकाळी वनिताचा फोन आला. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. म्हणाली, "ऐकलं मी."  मी विचारलं, "येशील पुढच्या गुरुवारी?"

"नाही दादा. तिथून मन उठलंय माझं." मग म्हणाली, "तू ये रविवारी. जेवायला ये. वहिनीला पण आण."

उद्या रविवार आहे. जाणार आहोत.

तिने तुम्हाला माफ केलं का, ते मी विचारणार नाही. ते तुमचं आणि तिचं. माझं सांगतो. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी पेज शिजत घालायला उठतो आणि मग आठवतं. त्या वेळी जे होतं ते मला लिहिता येत नाही. आणि त्या वाक्याचा राग आहे तसाच आहे, कमी झालेला नाही. आधी वाटायचं, यातलं एक खोटं असलं पाहिजे. आता शोधायचं सोडून दिलंय. दोन्ही घेऊन उठतो, दोन्ही घेऊन दिवस जातो.

थकलोय, तात्या. इथेच पडवीत जरा आडवा होतो.

तुमचा,
म्हादू